व्यसनमुक्ती समुपदेशनातल्या या चुका टाळा: आधी 'भाऊ' होणं थांबवा

केंद्रावर नवे समुपदेशक येतात आणि पहिल्याच महिन्यात प्रत्येक पेशंटचे भाऊ होऊन बसतात. आपल्या खान्देशात अनोळखी माणसालाही भाऊ म्हणतात, त्यात गैर काही नाही. पण भाऊ झालात की उसने पैसे आलेच.

हे मी स्वतः करून बसलोय. रावेरकडचा एक गडी, ट्रकमध्ये केळीचे घड भरणारा. तीन महिने दारूला शिवला नव्हता. एक दिवस म्हणाला, "सर, पोरीला ताप आहे, दवाखान्यापुरते पाचशे द्या." दिले. पुढचे तीन आठवडे तो फिरकलाच नाही. मी गृहीत धरलं, प्यायला. त्याला न विचारता बायकोला फोन लावला (ही आणखी एक चूक). तर पोरीला खरंच ताप होता, याने थेंबही घेतला नव्हता. पैसे जमले नाहीत, सरांना तोंड कसं दाखवू, एवढंच. उधारी थकली की माणूस त्या किराणा दुकानाची गल्ली टाळतो. मी केंद्राचंच तसं दुकान करून टाकलं. चौथ्या आठवड्यात तो खरंच प्यायला, आणि तेव्हा यायला त्याला जागा नव्हती.

आता पेशंटसमोर बसताना मी पाकीट कपाटात ठेवतो. नड खरी असेल तर प्रमुखांना सांगतो. वहीत नोंद होते आणि देणारा मी नसतो.

दुसरी चूक याहून घातक. आई येते, डोळ्याला पदर लावते: "बापू, चहातून देता येईल अशी गोळी सांग ना." नवखा पाघळतो आणि डायसल्फिरामचं नाव सांगून मोकळा होतो. अरे बाबा, ही गोळी घेतलेल्या माणसाच्या पोटात दारू गेली की चेहरा लालबुंद, उलट्या, धडधड, रक्तदाब खाली. हृदयाचा त्रास असेल तर जीवही जाऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. ज्याला ठाऊकच नाही तो संध्याकाळी नेहमीसारखी क्वार्टर मारणारच. गोळी डॉक्टरांनी द्यायची, पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने. 'न सांगता दारू सोडवा' असे कागद भिंतींवर चिकटवणारे वेगळे आणि आपण वेगळे, एवढं तरी ठेवा. शिवाय पुढे त्याला हे कळलं, की मग तो घरच्या चहालाही हात लावत नाही.

बाकीच्या थोडक्यात. चाळीसगाव स्टँडवर पेशंट दिसला तर "काय, बंद आहे ना?" म्हणून ओरडू नका, त्याने ओळख दिली तरच द्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क त्याला दिलाय, आणि दारू-ड्रग्जच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्था त्या कायद्याच्या व्याख्येत येतात. व्हॉट्सअॅप स्टेटसला फोटो तर अजिबात नको, चेहरा पुसूनही नको. गावात शर्टावरून माणूस ओळखतात. रात्री स्वतःचा नंबर देऊ नका, १४४४६ ही हेल्पलाइन द्या. तुम्ही स्वतः दारू सोडलेले असाल तर ती कहाणी दर बैठकीत उगाळू नका, खुर्ची त्याची आहे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पेशंटच्या घरून जेवणाची बोलावणी येतात. मी हात जोडतो, लोक रुसतात. केळीची फणी आणली तर मात्र घेतो आणि तिथल्या तिथे वॉर्डात वाटून टाकतो.