सोलरच्या प्रचाराला पैसे घालण्याआधी: फोन कुठून आला ते कळायची सोय करा

लेख लिहिणं, सोसायट्यांमध्ये जाऊन बोलणं आणि गूगल सर्चवर जाहिरात देणं, घरांच्या गच्चीवर सोलर बसवणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला या तिन्ही गोष्टी परवडतात. वेबसाइट, गूगलच्या बिझनेस प्रोफाइलवर बरोबर नंबर, स्वतःच्या कामांचे फोटो हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यावर वेळ घालवत नाही. सगळ्यात आधी येणाऱ्या चौकशांची नोंदवही तयार करा. गेल्या वेळी असा प्रचार केला तेव्हा बाकी सगळी तयारी झाली आणि नेमकं हेच राहिलं. फोन येत होते, पण कोणता लेखामुळे, कोणता भाषणामुळे आणि कोणता पैसे मोजून आला हे सांगता येत नव्हतं. अशा वेळी खर्च कमी करायचा झाला की माणूस चालणारीच गोष्ट बंद करून बसतो.

रकाने एवढेच: तारीख, नाव, परिसर, महिन्याचं लाइट बिल, कुठून आले, कोटेशन दिलं का, काम झालं का. 'कुठून आले' कधीही रिकामं ठेवायचं नाही. नुसतं ग्राहकाला विचारून भागत नाही. तो 'गूगलवर बघितलं' म्हणतो, आणि ते लेख, नकाशा, जाहिरात यांतलं काहीही असू शकतं. न विचारता कळेल अशी सोय हवी. व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकमध्ये मजकूर आधीच भरून ठेवता येतो. लेखाखालच्या बटणावर 'लेख वाचला, माहिती हवी', जाहिरातीच्या पानावर 'गच्चीसाठी कोटेशन हवं', पत्रकावरच्या क्यूआर कोडमध्ये त्या सोसायटीचं नाव. पहिला मेसेज उघडताच रकाना भरतो. फोनसाठी जाहिरातीच्या पानावर वेगळ्या सिमचा नंबर द्या. बिझनेस प्रोफाइलवर मात्र नेहमीचाच. त्याच पानावरच्या फॉर्ममध्ये नाव, मोबाइल, परिसर, बस. तो भरल्यावर उघडणारं 'धन्यवाद' पान वेगळ्या पत्त्यावर ठेवा, कारण जाहिरातीचं कन्व्हर्जन, म्हणजे क्लिक करणाऱ्याने खरंच चौकशी केली का, तिथेच मोजलं जाईल. मग घरातल्या दुसऱ्या मोबाइलवरून फॉर्म स्वतः भरून पाहा. मेल स्पॅममध्ये जाऊन पडलेला असतो आणि कोणाला पत्ताच नसतो.

आता लेख. गूगलला नवी वेबसाइट मानवायला काही महिने जातात, म्हणून लेख सगळ्यात आधी सुरू करा, जाहिरात सगळ्यात शेवटी. विषय शोधत बसू नका. ग्राहक फोनवर जे विचारतात तोच एकेक लेख. ३ किलोवॅटला किती जागा लागते? किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा धरा. किती युनिट मिळतात? किलोवॅटला दिवसाला सरासरी ४ च्या आसपास, पावसाळ्यात त्याहून कमी, आणि हे 'कमी' लिहायला लाजू नका. सबसिडी किती? पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे कमाल ७८,०००. योजना फेब्रुवारी २०२४ ची आहे, नियम बदलू शकतात, म्हणून लेखाच्या माथ्यावर 'शेवटची दुरुस्ती' म्हणून तारीख टाका.

सगळ्यात जास्त मेहनत महावितरणचं बिल कसं वाचायचं या लेखावर घ्या. खऱ्या बिलाचा फोटो लावा आणि मंजूर भार (वीज कंपनीने जोडणीला मंजूर केलेले किलोवॅट) कुठे छापलेला असतो, मागच्या महिन्यांचा वापर कुठे दिसतो, यावर लाल गोल करा. नाव, पत्ता आणि बारा अंकी ग्राहक क्रमांक झाकायला विसरू नका. मंजूर भार आणि वर्षभराचा वापर बघितल्याशिवाय किती किलोवॅट बसवायचं हे ठरत नाही. हा लेख वाचून जो बिलाचा फोटो पाठवतो, त्याच्याशी बोलणं अर्ध्या वेळात संपतं. पानाच्या तळाशी व्हॉट्सअ‍ॅपचं बटण, लेखाचा मजकूर भरलेलं. प्रत्येक लेखाखाली. एकही लेख त्याशिवाय चढवू नका.

भाषणांसाठी सोसायट्यांची वार्षिक सर्वसाधारण सभा गाठा. ती ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, त्यामुळे जुलैमध्येच सचिवांना पत्र द्या. विषयपत्रिका तेच काढतात, नुसत्या अध्यक्षांच्या तोंडी होकारावर जाऊ नका. वीस मिनिटं मागा, पंधरा मिनिटांत संपवा. स्लाइड पीडीएफमध्येच न्या, परक्या लॅपटॉपवर मराठी फॉन्ट विस्कटतो. एचडीएमआय केबल, अ‍ॅडॅप्टर आणि एक्स्टेन्शन बोर्ड स्वतःचा. 'वरच्या मजल्यावरच्याची गच्ची आहे का?' हा प्रश्न येणारच. गच्ची सामायिक असेल तर सोसायटीचा ठराव लागतो, हे तुम्हीच आधी सांगा, नाहीतर उरलेला वेळ भांडणात जातो. सामायिक वापराच्या विजेसाठी सोसायटीला किलोवॅटमागे १८,००० ची सबसिडी आहे, ती मांडा. लिफ्ट आणि पंपाचं बिल सगळ्यांच्याच खिशातून जातं.

आणि पुन्हा तेच: पत्रकं. क्यूआर पडद्यावर दहा सेकंद दाखवून उपयोग नाही. कोड जितका मोठा, त्याच्या साधारण दहापट अंतरावरून तो स्कॅन होतो; मागच्या खुर्चीवरच्याला जमत नाही. अर्ध्या ए-फोर कागदावर छापून प्रत्येक खुर्चीवर ठेवा, कोडमध्ये त्या सोसायटीचं नाव. एकच कोड सगळीकडे वापरलात तर कोणत्या सभेने काम दिलं ते कधीच कळणार नाही. सभेला आलेल्यांच्या सहीच्या कागदावर 'फोन केलेला चालेल का' असा रकाना ठेवा.

जाहिरात. पडताळणीची कागदपत्रं गूगलला आधीच द्या, नाव जीएसटी प्रमाणपत्राशी जुळायला हवं. मोहीम फक्त सर्चची. डिस्प्ले नेटवर्क (इतर साइट्सवरच्या जाहिराती) आणि सर्च पार्टनर्स (गूगलबाहेरचे शोध) यांच्या खुणा काढा. स्थान निवडताना 'त्या भागात असलेले' एवढंच घ्या, 'रस असलेले' नको, नाहीतर पुण्याच्या जाहिरातीवर भलत्याच राज्यातून क्लिक येतात. ज्या शोधांवर जाहिरात दिसायला नको ते शब्द पहिल्याच दिवशी घाला: नोकरी, पगार, कोर्स, कृषी पंप, कुसुम, झटका मशीन, वॉटर हीटर, बिल भरणे, शाळेचा प्रोजेक्ट. देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपींत, कारण या यादीत समानार्थी शब्द आपोआप धरले जात नाहीत. आपण सरकारी योजनेचे अधिकृत प्रतिनिधी आहोत असं भासवणारा मजकूर नको. जाहिरात नाकारली जाते, खातंही बंद पडू शकतं.

कन्व्हर्जन 'धन्यवाद' पानावर, मोजणी क्लिकमागे एकच, क्लिकनंतर मोजण्याची मुदत ९० दिवस, कारण सोलरचा निर्णय घरात महिनोन्‌महिने चालतो. साधं पान उघडणं कन्व्हर्जन म्हणून लावलंत तर यंत्रणा नुसती पानं उघडणारी माणसं आणत राहील. हे झाल्याशिवाय एक रुपया भरू नका. खरंच भरू नका.

दिवसाचं बजेट ५०० ठेवलं तर एखाद्या दिवशी १,००० पर्यंत जातं, महिन्याला १५,२०० च्या वर नाही. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १७,९३६. जाहिरात फोन उचलणारं कोणी असेल त्याच वेळेत. स्वतःच्या जाहिरातीवर क्लिक करू नका. लोकांनी काय शोधल्यावर जाहिरात दिसली तो शोधशब्दांचा अहवाल पहिला आठवडा रोज बघा, पुढे आठवड्यातून एकदा. बसवणाऱ्यांची टीम महिनाभर अडकली असेल तर जाहिरात थांबवा. नोंदवही दर शनिवारी तपासा, 'कुठून आले' रिकामं असेल तर त्याच दिवशी फोन करून विचारा.