वेबसाइटची थीम कोणती? सोर्स कोड उघडून बघा

एखाद्या साइटची मांडणी आवडली की पहिला प्रश्न पडतो, थीम (म्हणजे मांडणीचा तयार साचा) कोणती? ती ओळखून देणारी ऑनलाइन साधनं आहेत, पण तीही पानाचा कोडच चाळतात. मग आपणच चाळू या. उदाहरण वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवरच्या साइटचं घेतो.

साइट उघडून कंट्रोल-यू दाबा (मॅकवर क्रोम असेल तर कमांड-ऑप्शन-यू). नव्या टॅबमध्ये सोर्स कोड, म्हणजे पानामागचा कोड येतो. तो सगळा वाचत बसायचं नाही. कंट्रोल-एफ दाबून ‘डब्ल्यूपी-कंटेंट/थीम्स’ हे शब्द इंग्रजी अक्षरांत शोधा. त्यापुढच्या तिरक्या रेघेनंतर जे नाव दिसतं, ते थीमचं फोल्डर.

इथे बरेच जण थांबतात आणि फसतात. फोल्डरला कुणी काहीही नाव देऊ शकतं. साइट बनवून देणारे कित्येकदा ग्राहकाच्या दुकानाचंच नाव देतात. म्हणून सापडलेल्या लिंकमधला पत्ता फोल्डरच्या नावापर्यंत कॉपी करा, त्याला ‘/स्टाइल.सीएसएस’ जोडा (हेही इंग्रजीत) आणि उघडा. फाइलच्या डोक्यावरच्या कॉमेंटमध्ये थीमचं नाव, कर्ता आणि आवृत्ती असते. वर्डप्रेस स्वतःही ही माहिती तिथूनच घेतं.

त्याच कॉमेंटमध्ये ‘टेम्प्लेट’ अशी ओळ असेल, तर ही चाइल्ड थीम आहे, म्हणजे दुसऱ्या मूळ थीमवर बेतलेली. मूळ थीमच्या फोल्डरचं नाव त्या ओळीत मिळेल. पुन्हा तिची स्टाइल फाइल उघडा. तुम्हाला हवी असलेली थीम बहुधा हीच.

शोधून काहीच मिळालं नाही तर? साइट वेगवान करणाऱ्या कॅशिंग प्लगिनने फाइली एकत्र केल्या असतील, फोल्डरचे पत्ते मुद्दाम लपवले असतील, किंवा साइट वर्डप्रेसची नसेलच. शॉपिफाय या सेवेवरचं ऑनलाइन दुकान असेल तर एफ-१२ दाबून उघडणाऱ्या खिडकीतल्या ‘कन्सोल’ टॅबमध्ये ‘शॉपिफाय.थीम’ टाइप करा, पहिलं अक्षर कॅपिटल. उत्तरातलं ‘नेम’ दुकानदाराने बदललेलं असू शकतं, त्यामुळे ‘स्कीमा नेम’ बघा.

साइट तुमचीच आहे, पण अॅडमिन पॅनल उघडत नाही? होस्टिंगच्या पीएचपी-माय-अॅडमिनमध्ये (साइटचा डेटाबेस बघायचं साधन) ऑप्शन्सचा टेबल उघडा. ‘स्टाइलशीट’च्या ओळीत चालू थीमचं फोल्डर असतं आणि ‘टेम्प्लेट’च्या ओळीत मूळ थीमचं. दोन्हीकडे एकच नाव असेल तर चाइल्ड थीम वापरलेली नाही.