जुन्या गाडीला डिस्क ब्रेक बसवताना मास्टर सिलिंडर कसा निवडावा

पाचगणीहून पसरणी घाट उतरून वाईत येईपर्यंत चारही चाकांना ड्रम असलेल्या पद्मिनीचा किंवा अ‍ॅम्बॅसेडरचा ब्रेक तापून ढिला पडतो, हा अनुभव साताऱ्याकडे जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या अनेकांनी घेतलेला असतो. त्यामुळेच पुढच्या चाकांना डिस्क बसवण्याचा विचार मनात येतो. मात्र सगळे लक्ष डिस्क, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) आणि ब्रॅकेट यांच्याकडे जाते, आणि मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलचा जोर ब्रेक ऑइलच्या दाबात बदलणारा सिलिंडर, जुनाच ठेवला जातो किंवा दुकानात हाताला लागेल तो आणला जातो. माझ्या मते कॅलिपर पक्के झाल्यावर, एकही पाइप वाकवण्यापूर्वी, मास्टर सिलिंडर मोजमाप करून ठरवला पाहिजे. गाडी किती जोर लावल्यावर थांबेल आणि पेडल किती खाली जाईल, हे दोन्ही त्याच्यावरच अवलंबून असते.

ड्रममध्ये चाकाच्या फिरण्यामुळे लायनर स्वतःच ड्रमवर अधिक घट्ट दाबला जातो, त्यामुळे कमी दाबावरही काम भागते. डिस्कमध्ये अशी मदत मिळत नाही आणि पॅड केवळ ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतात. म्हणजे डिस्कला दाब अधिक लागतो, आणि हा दाब सिलिंडरच्या बोअरवर, अर्थात आतल्या व्यासावर ठरतो.

हिशेबासाठी प्रथम पेडलचे गुणोत्तर काढावे. पेडल ज्या पिनवर फिरते तिच्या मध्यापासून पावलाच्या पट्टीच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे आणि त्याच पिनपासून पुशरॉडच्या (पेडलचा जोर सिलिंडरच्या पिस्टनपर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या) पिनपर्यंतच्या अंतराने त्यास भागावे. पहिले २७ सेंमी आणि दुसरे ४.५ सेंमी भरले, तर गुणोत्तर ६ येते. आता पायाचा जोर ३० किलो धरल्यास पुशरॉडवर १८० किलोचा जोर पोहोचतो. एक इंची, म्हणजे २५.४ मिमी बोअरचे क्षेत्रफळ ५.०७ चौरस सेंमी असते, त्यामुळे दाब दर चौरस सेंमीला सुमारे ३५ किलो मिळतो. ७/८ इंची, म्हणजे २२.२ मिमी बोअरला तो सुमारे ४६ किलो होतो, आणि पाऊण इंची, म्हणजे १९ मिमीला ६३ किलो.

हे आकडे पाहून सर्वांत लहान बोअर घ्यावासा वाटेल, परंतु तेवढ्याच प्रमाणात पेडलचा प्रवास वाढतो. समजा, चारही चाकांना मिळून ब्रेक लागताना ४ घन सेंमी ऑइल ढकलावे लागते. तेव्हा एक इंची बोअरला पेडल सुमारे ४.७ सेंमी खाली जाईल, २२.२ मिमीला ६.२ सेंमी, आणि १९ मिमीला जवळजवळ साडेआठ सेंमी. मागच्या ड्रमचे लायनर झिजून अंतर वाढले असेल, तर हेच पेडल फ्लोअरला टेकू शकते. म्हणून बूस्टर (व्हॅक्यूमच्या मदतीने पायाच्या जोरात भर घालणारा भाग) नसलेल्या आणि ६ च्या आसपास गुणोत्तर असलेल्या गाडीसाठी मी २२.२ मिमीपासून सुरुवात करतो. पेडल कठीण वाटले तरच त्याखाली जावे, आणि त्याआधी मागचे लायनर अ‍ॅडजस्ट करून घ्यावेत.

माझ्या पद्मिनीसाठी एका दुकानदाराने ‘मोठा सिलिंडर म्हणजे मोठा ब्रेक’ असे सांगून एक इंची दिला होता. पेडल दगडासारखे घट्ट लागत असे, आणि त्या घट्टपणालाच मी चांगला ब्रेक समजलो. घाटात मात्र सगळा भार पायावर टाकूनही गाडी मनासारखी थांबत नव्हती. बोअर लहान केल्यावर पेडल थोडे मऊ झाले आणि गाडी थांबू लागली. घट्ट पेडल म्हणजे अधिक दाब नव्हे, हे त्यामुळे नीट लक्षात राहिले.

बूस्टर बसवायचा असल्यास गणित बदलते, आणि तेव्हा एक इंची बोअर योग्य ठरू शकतो. पेट्रोल इंजिनात बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम मॅनिफोल्डमधून मिळतो, डिझेलसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो.

टँडेम, म्हणजे दुहेरी मास्टर सिलिंडरच घ्यावा, या बाबतीत मी तडजोड करत नाही. जुन्या एकेरी सिलिंडरात एक होज (रबरी नळी) फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो; टँडेममध्ये पुढची आणि मागची लाइन वेगळी असल्याने एक तरी शिल्लक राहते. टँडेम निवडताना डिस्कच्या बाजूची टाकी मोठी आहे का, हे पाहावे. कॅलिपरचा पिस्टन ४८ मिमीचा असेल आणि दोन्ही पॅड मिळून १६ मिमी झिजले, तर एका चाकामागे सुमारे २९ आणि दोन्ही चाकांना मिळून ५८ घन सेंमी ऑइल टाकीतून खाली उतरते. ड्रमसाठी बनवलेली लहान टाकी यात रिकामी होऊ शकते.

ड्रमसाठीच्या अनेक सिलिंडरांत पाइपमध्ये थोडा दाब टिकवणारा रेसिड्युअल व्हॉल्व्ह असतो. डिस्कच्या लाइनवर तो राहिला, तर पॅड डिस्कला चिकटून राहतात आणि चाक तापते, म्हणून त्या बाजूचा तो काढलेला असावा. जुन्या जीपप्रमाणे सिलिंडर फ्लोअरखाली, कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर असेल, तर मात्र ऑइल मागे उतरू नये म्हणून डिस्कच्या लाइनलाही २ पीएसआयचा सौम्य व्हॉल्व्ह द्यावा. मागे ड्रमच राहत असतील आणि मागची चाके आधी जाम होत असतील, तर मागच्या लाइनवर तिचा दाब कमी ठेवणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लागतो.

सिलिंडर विकत घेण्यापूर्वी त्याला ब्रेकचा पाइप जोडणाऱ्या नटाचे आटे तपासावेत. १० मिमी व्यास आणि १ मिमी पिचचा नट हा ३/८ इंची, २४ आट्यांच्या नटासारखाच दिसतो, दोन-तीन आटे आतही जातो, आणि नंतर जोर लावल्यास सिलिंडरचे आटे तुटतात. पाइपच्या टोकाचा फ्लेअर, म्हणजे पसरवलेली कडाही, सिलिंडरच्या आतल्या बैठकीशी जुळलाच पाहिजे, अन्यथा दाबाखाली ऑइल गळते.

बसवताना पुशरॉड आणि पिस्टन यांच्यात सुमारे १ मिमी मोकळीक ठेवावी. ती नसेल, तर ऑइलला टाकीत परतण्याची वाट बंद होते, आणि ऑइल तापून फुगले की ब्रेक आपोआप लागू लागतो. सिलिंडर गाडीत चढवण्यापूर्वी वाइसमध्ये धरून त्यातली हवा काढावी. ऑइल डॉट ४ वापरावे; नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण पाणी शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो, म्हणून उघडलेली अर्धी बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नये.

मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधने आहेत, त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी आरटीओ कार्यालयात चौकशी करावी. चाचणी प्रथम मोकळ्या सपाट रस्त्यावर, ताशी वीस-तीस किलोमीटर वेगाने घ्यावी. त्यानंतर यवतेश्वरचा घाट उतरून साताऱ्यात आल्यावर थांबून चारही चाकांजवळ हात नेऊन पाहावा. पुढची दोन चाके सारखी तापली असतील आणि पेडल सुरुवातीच्याच उंचीवर असेल, तरच पसरणी घाटाकडे वळावे.