घरात मार सोसणाऱ्या बाईला मदत करताना या चुका टाळा

मे महिन्यातली दुपार. अंगणवाडीच्या खोलीत बचत गटाची बैठक. सगळ्या जणी पदरानं वारा घेत होत्या आणि एक जण गळ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळून कोपऱ्यात बसली होती. हप्ता देताना बोलली तेव्हा आवाज पार बसलेला. मी तिथंच विचारलं, "काय गं, गळ्याला काय झालं?" तिची जाऊ तिच्या शेजारीच होती. "काही नाही ताई, सर्दी झालीय," म्हणाली, आणि पुढचे दोन महिने बैठकीला आलीच नाही. घरी गेल्यावर तिला विचारलं गेलं होतं, "ताईला काय सांगितलंस?" तिनं काहीच सांगितलं नव्हतं. माझ्या प्रश्नाची किंमत मात्र तिनं मोजली.

गावात गोष्ट लपत नाही. कोण कुठल्या एसटीनं आलं, मेडिकलमधून कुणी काय नेलं, हे संध्याकाळपर्यंत पारावर पोचलेलं असतं. पोलीस पाटील नवऱ्याचा चुलतभाऊ असतो, आशाताई नात्यानं नणंद लागते, सरपंच सासऱ्याच्या पॅनलचा असतो. म्हणून इथं मदतीची सुरुवात कायद्यापासून होत नाही. तिची गोष्ट आपल्यापाशी राहते की नाही, इथून होते. खालच्या बहुतेक चुका मी स्वतः केल्या आहेत किंवा डोळ्यांदेखत होताना पाहिल्या आहेत.

चारचौघांत विचारणं, तिच्या फोनवर फोन करणं

विचारायचं तर ती एकटी सापडेल तिथं. शेताच्या वाटेवर, बाळाच्या लसीकरणाला, आरोग्य केंद्रात वजन-बीपी बघताना. "मारतो का गं?" असं थेट विचारलं की उत्तर "नाही" येतं. "घरी कुणाची भीती वाटते का?" म्हटलं की ती निदान वर बघते. बोलली नाही तर तिथंच थांबावं, आणि जाताना एवढंच सांगावं की कधीही ये, माझ्याकडून कुणाला कळणार नाही.

फोनचं भान फार कमी जणांना असतं. बऱ्याच घरांत मोबाईल एकच, तोही नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या हातात. कॉल रेकॉर्डिंग चालू असतं, व्हॉट्सॲप दुसरंच कुणीतरी वाचतं. "काल सांगितलंस त्याचं काय झालं?" असा मेसेज टाकणं म्हणजे तिला त्या रात्री पुन्हा मार खायला लावणं आहे. बोलायची वेळ तिनं ठरवावी, फोनही तिनंच करावा. महिला हेल्पलाइनचा १८१ आणि तातडीचा ११२ तिला तोंडपाठ करून द्या, चिठ्ठीवर लिहून नको.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ज्या स्त्रियांनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली, त्यांतल्या जेमतेम १४ टक्के जणींनी कुणाकडे तरी मदत मागितली होती. ती तुमच्या ओट्यावर येऊन बसली, तर किती वर्षांचं धाडस गोळा करून आली असेल ते आधी लक्षात घ्या. "एवढे दिवस गप्प का बसलीस?" हा प्रश्न जिभेवर आला तरी गिळा.

वळ दिसत नाही म्हणून सोडून देणं

त्या दिवशी ओढणीखाली काय होतं ते मला खूप उशिरा कळलं. गळा आवळला तर बाहेरून खूण उमटतेच असं नाही. आवाज घोगरा होणं, गिळताना दुखणं, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल ठिपके, मधेच चक्कर येणं किंवा नकळत लघवी होणं, या त्याच्या खुणा आहेत. आतली सूज काही तासांनीही वाढू शकते, म्हणून बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आणि ज्यानं एकदा गळ्याला हात घातला, त्याच्या हातून पुढे जीव जाण्याचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. या एका गोष्टीवर मी कधीच "बघू उद्या" म्हणत नाही.

कोयता-कुऱ्हाड दाखवणं, पेट्रोल ओतायची धमकी, गरोदरपणातली मारहाण, सतत पाळत, हीसुद्धा धोक्याचीच लक्षणं. आणि तीच "औषध पिऊन टाकते" म्हणाली तर ते नुसतं रागातलं बोलणं समजू नका. शेतकऱ्याच्या घरात तणनाशकाची बाटली हाताशी असते. त्या रात्री ती एकटी राहणार नाही, एवढी सोय आधी करा.

दवाखान्यातली चूक वेगळीच. नवरा किंवा सासू सोबत असते आणि केसपेपरवर "पाय घसरून पडली" असं लिहिलं जातं. वर्षभरानं कोर्टात समोरचा वकील तोच कागद वाचून दाखवतो. ग्रामीण रुग्णालयात शक्यतो तिच्या विश्वासाच्या बाईनं सोबत जावं, डॉक्टरांना खरं कारण सांगून एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद) करायला सांगावं आणि कागदाची प्रत मागून घ्यावी. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानं तिला उपचार देणं रुग्णालयाला बंधनकारक आहे. "आधी पोलिसांचा कागद आणा" हे उत्तर ऐकून परत फिरू नका.

बैठक बसवणं

सगळ्यात जास्त नुकसान मी इथं होताना पाहिलंय. हेतू चांगला असतो. "चार माणसांत मिटवू, कोर्टात कुठं जाता?" २००७ साली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, गावोगावी समित्या झाल्या, आणि बांधाचे, वाटणीचे, पाण्याच्या पाळीचे कितीतरी वाद त्यांनी खरोखर मिटवले. पण बांधाच्या वादात दोघंही आपापल्या जमिनीवर उभे असतात. इथं एक जण मारतो आणि दुसरी खाते.

देवळाच्या सभामंडपात बसलेली अशी एक बैठक अजून डोळ्यांसमोर आहे. वीस-पंचवीस पुरुष, पान-तंबाखू चाललेली. ती खांबाआड, डोक्यावरून पदर ओढून, मांडीवर लेकरू. तिला एकदाही विचारलं गेलं नाही. शेवटी स्टॅम्पपेपरवर लिहिलं: "यापुढे पती मारहाण करणार नाही व पत्नी उलट बोलणार नाही." खाली तिचा अंगठा. त्या एका ओळीनं मारणं आणि बोलणं एकाच तराजूत टाकलं गेलं. वर "राजीखुशीने" असंही लिहिलं, म्हणजे पुढे ती कुठंही गेली तरी हा कागद तिच्यापुढे धरला जाणार. पंधरा दिवसांत ती पुन्हा माहेरी आली, या वेळी हात मोडून.

तिला नांदायला जायचं असेल तर तो तिचा निर्णय, आपण आडवं पडू नये. तडजोड करायचीच असेल तर ती पारावर नको, नोंद राहील अशा ठिकाणी करा. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली नेमलेले तालुक्याचे संरक्षण अधिकारी असतात. महिला व मुलांसाठीचे विशेष सहाय्य कक्ष असतात. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबई पोलिसांसोबत ते सुरू केले आणि आता ते जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. तिथले समुपदेशक तिच्याशी एकटीशी बोलतात, हा फरक फार मोठा आहे.

बैठकीतली दुसरी खोड म्हणजे स्टॅम्पवरची सोडचिठ्ठी. हिंदू विवाह कायद्यात त्या समाजात सिद्ध झालेली रूढी असेल तो अपवाद सोडला, तर कोर्टाच्या हुकमाशिवाय घटस्फोट होत नाही. नोटरीचा शिक्का असला म्हणूनही होत नाही. तिला सही करू देऊ नका. आणि ती पोलिसांत गेली म्हणून जात पंचायतीनं दंड लावला किंवा वाळीत टाकलं, तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे.

"केस केली की नवरा आत जाईल" ही भीती तशीच राहू देणं

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी पहिल्या दहा मिनिटांत म्हणतात, "ताई, त्याला जेलात घालायचं नाही, फक्त मार थांबवा." आणि आपण घाईघाईत त्यांना सरळ पोलीस ठाण्यात नेतो. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा नेमका अशा बाईसाठी आहे. त्यात मारू नको असा संरक्षण आदेश मिळतो, घरात राहण्याचा हक्क, खर्च, मुलांचा ताबा, नुकसानभरपाई मिळते. तो आदेश मोडला तर मात्र गुन्हा होतो: एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिव्या, टोमणे, पैसे अडवणं, तिच्या खात्यात आलेले लाडक्या बहिणीचे पैसे काढून घेणं, हेही या कायद्यात हिंसेतच मोडतं. दीर घराबाहेर काढतोय अशी विधवा आणि पोरगा मारतोय अशी म्हातारी आई, दोघींनाही हा कायदा लागू आहे.

"घर सासऱ्याच्या नावावर आहे, तिचा काय हक्क?" हे अगदी शिकलेली माणसंही सांगतात. आठ-अच्या उताऱ्यावर नाव कुणाचंही असो, लग्नानंतर ती ज्या घरात नांदली तिथून तिला कायदेशीर मार्गाशिवाय काढता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सासू-सासऱ्यांच्या मालकीच्या घराबद्दलही हे स्पष्ट केलंय.

अर्ज कुठं करायचा यावरूनही बायका अडतात. ती सध्या जिथं राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे चालतो, मग ते माहेर असो की तात्पुरता मुक्काम. आमच्या भागातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. फडावर मारहाण झाली तर "गावी गेल्यावर बघू" म्हणत सहा महिने थांबायची गरज नाही. गुन्हा दाखल करायचा असेल तरी हद्दीचं कारण पुढे करून परत पाठवता येत नाही, शून्य क्रमांकानं तो कुठल्याही ठाण्यात नोंदवावा लागतो.

कुठं अडलं तर

ठाण्यात एनसी लिहून घेतली आणि "झालं काम" म्हणाले, तर काम झालेलं नसतं. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद, तिच्यावर कोर्टाच्या हुकमाशिवाय तपास होत नाही. पती किंवा त्याच्या नातेवाइकांच्या क्रूरतेचं कलम (जुनं ४९८-अ, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) दखलपात्र आहे. एफआयआर मागा. तिची प्रत फुकट मिळते. नाही घेतली तर तीच तक्रार लेखी, रजिस्टर पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पावती जपून ठेवा.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून कुणी थांबू नये. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते, फोन १५१००.

खर्चाचा आदेश झाला आणि नवरा एक पैसा देत नाही, ही तर रोजची रड. अशा वेळी कोर्ट त्याच्या मालकाला, किंवा जो त्याचं देणं लागतो त्याला, परस्पर पैसे द्यायला सांगू शकतं. गावच्या भाषेत सांगायचं तर त्याचं दुधाचं बिल डेअरीकडे आणि उसाचं बिल कारखान्याकडे येणं असतं. वकिलाला तसा अर्ज द्यायला सांगा. हे फार कमी जण सुचवतात.

तिला तडकाफडकी घराबाहेर काढणं

आपल्याला राग येतो आणि आपण म्हणतो, "चल, आत्ताच्या आत्ता नीघ." घर सोडायचा काळ हाच सगळ्यात जास्त धोक्याचा. जीवावर बेतलेलं असेल तर अर्थातच तिथून हलवायचं, ११२ लावायचा. एरवी तयारी तिच्या गतीनं व्हावी. शेवटची एसटी किती वाजता, त्याआधी फाट्यापर्यंत कोण सोडेल, मुलं शाळेतून परस्पर कशी येतील, माहेरचे खरंच घेतील का. माहेरचा भाऊ "ये" म्हणतो आणि महिन्यानं भावजयीचं तोंड वाकडं होतं, हे तिला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर (हिंसा सोसलेल्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र) आहे, तिथं साधारण पाच दिवस राहता येतं, त्यानंतरची सोय आधीच विचारून ठेवा.

कागद एकेक करून बाहेर यावेत: आधार, रेशन कार्ड, पासबुक, मुलांचे जन्मदाखले, लग्नाची पत्रिका आणि फोटो. दागिन्यांची यादी, जमल्यास पावत्या. आधारला नंबर नवऱ्याचा जोडलेला असेल तर प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे जातो, तो आधी बदला.

लेकरावर अत्याचार झाला तेव्हा "पोरीचं लग्न व्हायचंय" म्हणणं

मोठ्या बाईच्या बाबतीत तिच्या मर्जीशिवाय पाऊल उचलायचं नाही. अठराच्या आतल्या मुला-मुलीवर लैंगिक अत्याचार झाला असेल तर हा नियम लागत नाही. पॉक्सो कायद्याखाली कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, दडवणं हा गुन्हा. तिला आंघोळ घालू नका, अंगावरचे कपडे धुऊ नका, ते कागदाच्या पिशवीत ठेवा. रुग्णालयात उपचार मोफत आहेत. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन. तिचं नाव, गाव, शाळा कुठल्याही ग्रुपवर टाकायची नाही, सहानुभूतीनं टाकलेली मेणबत्तीची पोस्टसुद्धा नाही. राज्याची मनोधैर्य योजना बलात्कार, मुलांवरचे लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतल्या पीडितांना अर्थसाहाय्य देते. ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतं.

ती ओढणीवाली सात महिन्यांनी स्वतःहून माझ्याकडे आली. बैठक संपल्यावर, सगळ्या गेल्यावर, चप्पल शोधायच्या निमित्तानं मागे राहिली. जाताना माझ्या हातात एक कापडी पिशवी दिली: रेशन कार्डाची झेरॉक्स आणि मुलाचा जन्मदाखला. "राहू दे तुमच्याकडं," एवढंच म्हणाली. पिशवी माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली आहे. मागच्या आठवड्यात तिनं त्यात पासबुक आणून ठेवलं.