सागवानी झोपाळ्याला तेल लावायचंय? मग तो चिकट राहू नये म्हणून एवढं करा

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या जुन्या घरांतून सागवानी झोपाळे अजून टिकून आहेत आणि दिवाळी आली की त्यांना तेल लावायची घाई सुरू होते, मग आठवडा उलटला तरी पाट हाताला चिकटतोच. लोक दुकानदाराला दोष देतात, पण तेल बहुतेक वेळा चांगलंच असतं. अळशीचं तेल उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन ते घट्ट होतं, आणि सागवानात, शिसवीत तर त्याहून जास्त, स्वतःची तेलं आणि क्विनोन जातीची द्रव्यं असतात ती नेमकी हीच क्रिया अडवतात. सागवानाला वाळवी सहसा लागत नाही ती पण याच द्रव्यांमुळे, त्यामुळे त्यांच्यावर राग धरू नका, फक्त वरच्या थरातून थोडा वेळ बाजूला करा.

आधी दिवस बघा. पावसाळ्यात हे काम काढूच नका, दमट हवेत तेल खूप हळू वाळतं. पाट साखळ्यांवरून खाली काढा, जुनं पॉलिश असेल तर खरवडून टाका, मग १२० नंबरचा पॉलिश पेपर आणि शेवटी १८० किंवा २२०, कायम रेषांच्या दिशेनं. त्याहून बारीक घासायची गरज नाही. मास्क लावाच, सागवान आणि शिसवीच्या भुशानं बऱ्याच जणांना खाज, शिंका सुरू होतात.

आता मुख्य काम. पांढरं सुती फडकं अॅसिटोनमध्ये (नाही मिळालं तर एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज थिनर चालतं) भिजवून पूर्ण पाट पुसा, फडकं पिवळं-तपकिरी होईल, फडकं बदला, परत पुसा, रंग यायचा कमी होईपर्यंत. खिडक्या उघड्या, हातमोजे घातलेले, आणि जवळपास गॅस किंवा देवाची समई पेटलेली नको. अॅसिटोन मिनिटभरात उडून जातं पण आतलं तेल हळूहळू परत वर येतं, म्हणून पुसून दुसऱ्या दिवशी तेल लावू असं करू नका, लगेच त्याच बैठकीत लावा.

तेल डबल बॉइल्ड अळशीचं घ्या, आपल्याकडे रंगवाले त्याला बेलतेल म्हणतात. त्यात लवकर वाळावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात, त्यामुळे पोळपाट-लाटण्याला ते अजिबात नको. पहिल्या हाताला निम्मं तेल निम्मं टरपिन. फडक्यानं पातळ लावा, पंधरा मिनिटं थांबा आणि मग कोरड्या फडक्यानं सगळं पुसून काढा, अगदी सगळं, इथेच लोक हात आखडता घेतात कारण तेल वाया चाललं असं वाटतं. या लाकडात फार तेल मुरत नाही, वर राहिलं ते सगळं चिकटपणाच होणार.

निदान दोन-तीन दिवस जाऊ द्या. बोट दाबून बघा, जरा जरी ओढलं तर दुसरा हात नको, टरपिनचं फडकं फिरवून तो थर काढा आणि परत वाट बघा. कोरडं लागलं तर दुसरा हात, पहिल्याहून पातळ. शिसवीवर इतकं करूनही वाळलं नाही तर तेलाचा नाद सोडा, पुसून साफ करून मेण काढलेल्या चपड्याचं (लाखेच्या पापुद्र्यांचं) स्पिरिट पॉलिश द्या, ते स्पिरिट उडूनच वाळतं, लाकडातली द्रव्यं त्याला अडवत नाहीत.

आणि तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, कळकळीनं सांगतो. ऑक्सिजन घेताना तेल तापतं, गोळ्यात ती उष्णता अडकते आणि फडकं काडी न लावता पेट घेतं. बाहेर सुटी-सुटी पसरून पूर्ण कडक वाळवा, नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडवून झाकण लावून घराबाहेर ठेवा.