कोते-ए करून बघताय? या चुका टाळा, माझ्या सगळ्या करून झाल्यात

जपानमध्ये चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीवर उठावाची चित्रं करतात, त्याला कोते-ए म्हणतात. कोते म्हणजे थापी, ए म्हणजे चित्र. इझु द्वीपकल्पातल्या मात्सुझाकीचा इरिए चोहाची (१८१५–१८८९) हा यातला बाप माणूस, मूळचा गवंडी, चित्रकला नंतर शिकला. गावात १९८४ पासून त्याचं म्युझियम आहे, तिथे चित्रं बघायला हातात भिंग देतात, म्हणजे काम किती बारीक असेल विचार करा. मी ते बघून आलो आणि भारावून होम सेंटरमधून शिक्कुईचा (या कामाच्या चुन्याच्या गिलाव्याचा) तयार डबा घेऊन घरी बसलो. पहिला करकोचा तिसऱ्या दिवशी मानेपासून पंखापर्यंत तडकला.

सगळ्यात पहिली चूक म्हणजे याला पीओपी समजणं. शिक्कुई म्हणजे विझवलेला चुना, त्यात हेम्पचे बारीक तंतू आणि समुद्री शेवाळ उकळून केलेली खळ (आपल्याकडे वाड्यांच्या चुन्यात गूळ, हिरड्याचं पाणी घालायचे, तशातलंच काहीसं). पीओपी मिनिटांत आवळतं. चुना आधी पाणी सोडतो आणि मग हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून हळूहळू पुन्हा दगड होतो, वरचं कवच काही आठवड्यांत, आतलं पार महिने-वर्षं. त्यामुळे लवकर व्हावं म्हणून मूठभर सिमेंट टाकणं, पंखा लावणं, हेअर ड्रायर मारणं (हो, मारला होता) हे सगळं उलट अंगावर येतं. पाणी झपकन उडालं की वरचा थर भुगा होतो, बोट फिरवलं की खडूसारखं पांढरं लागतं.

तडे का जातात, तर जाड थर. चोंच, पंख, लाटेचा फेस असा उठाव हवा म्हणून आपण एकदम बोटभर माल थापतो, आणि सुकताना तो आक्रसतो तेव्हा त्याला कुठेतरी फाटावंच लागतं. खरे कारागीर आधी खिळे, तार, बांबूच्या कामट्या, सुतळी असा सांगाडा करतात, त्यावर वाळू घातलेला रफ माल थराथराने चढवतात आणि गुळगुळीत पांढरा शिक्कुई फक्त शेवटी, तोही दोन-तीन मिलिमीटर. तडा गेलाच तर नुसता वरून भरू नका, पुन्हा तिथेच उघडतो. कडा खरवडून भेग थोडी रुंद करा, ब्रशने पाणी पाजा आणि पातळ थरांत भरा, घाई नको.

पाणी पाजायचं राहतं हीसुद्धा नेहमीची चूक. खालचा मातीचा किंवा वाळूचा थर कोरडा ठणठणीत असेल तर तो नव्या थराचं पाणी पिऊन टाकतो, मग चिकटायचं कशाने. उलट पाणी चमकेपर्यंत ओतलं तर सगळं घसरतं. आणि प्लायवूडवर करणार असाल तर आधी सीलर मारा, नाहीतर लाकडातला पिवळट रस वर येतो आणि पांढऱ्या करकोच्याला कावीळ झाल्यासारखी दिसते.

आता थापी कधी फिरवायची. हे सांगून कळत नाही, पण सांगतो. गुळगुळीत करायची वेळ म्हणजे माल पृष्ठभागावरचं पाणी आत घेतो तो क्षण, ओली चमक जाऊन मंद झालेली असते आणि बोटाचं पेर हळूच टेकवलं की ठसा उमटतो पण बोटाला काही लागत नाही. त्याआधी थापी फिरवली की माल चिकटून वर येतो. उशीर करून स्टीलच्या थापीने घासत बसलात तर पांढऱ्यावर काळपट रेघा उठतात, त्या धुऊन जात नाहीत. मला शिकवणारे म्हातारे गवंडी मी हात पुढे केला की "मादा, मादा" म्हणायचे, म्हणजे अजून नाही, आणि मी एकदाही बरोबर वेळी हात पुढे केला नव्हता.

रंगाचं प्रकरण वेगळंच. चुना भयंकर अल्कधर्मी, त्यात वाट्टेल तो रंग टिकत नाही, मोजकेच टिकतात. जुन्या गोदामांवर लाटा आणि ड्रॅगन फार दिसतात, पाण्याशी नातं म्हणून आगीपासून राखण करतील ही श्रद्धा, तर मलाही लाट हवी होती आणि जपानी चित्रकार होकुसाईच्या प्रिंट्समध्ये असतो तोच गडद निळा, प्रशियन ब्लू, मी मालात कालवला. चुन्यात तो टिकतच नाही, मातकट तपकिरी होतो. माझी लाट गढूळ पुराच्या पाण्यासारखी झाली. लोखंडाचा लाल (आपला गेरूच), पिवळी माती, काजळी, अल्ट्रामरीन (हाही निळाच) हे चालतात. सगळा रंग एकाच वेळी कालवा, दुसऱ्या वेळचा कधीच जुळत नाही, आणि ओला असताना गडद दिसतो म्हणून आधी तुकड्यावर लावून पूर्ण सुकू द्या.

वर वार्निश किंवा प्लॅस्टिक पेंट लगेच मारू नका, हवाच बंद झाली तर चुना पिकणार कसा. कडाक्याच्या थंडीत, पाच डिग्रीच्या खाली, काम काढूच नका. हातात ग्लोव्ह्ज आणि डोळ्यांवर गॉगल हवाच, चुना डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुवत राहायचं आणि डॉक्टर गाठायचा, यात चेष्टा नाही.

माझा दुसरा करकोचा सांगाड्यावर, पाच थरांत, ओल्या फडक्याखाली हळूहळू सुकवला. मान शाबूत आहे. डाव्या पंखाखाली एक केसाएवढी भेग आहे, ती भिंगाशिवाय दिसत नाही म्हणून सोडून दिली.