वाडगा आधी उलटा करून बघा

लाकूडकाम क्लबच्या प्रदर्शनात पहिल्यांदा मी कातलेला लाकडी वाडगा ठेवला, तेव्हा परीक्षकांनी तो उचलला आणि आत न बघताच उलटा केला. बुडावर चकच्या, म्हणजे लेथवर (लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर) लाकूड पकडून ठेवणाऱ्या पकडीच्या, जबड्यांचे चार वण तसेच होते. काही न बोलता त्यांनी वाडगा खाली ठेवला आणि पुढच्या टेबलाकडे गेले. निकाल ऐकायला मी थांबलोच नाही.

म्हणून तुम्ही सुरुवात बुडापासून करा. वाडगा आतून-बाहेरून झाला की एका टाकाऊ ठोकळ्याला वाडग्याच्या आतल्या वळणाचा घुमट कातून घ्या, मध्ये मऊ कापड घालून वाडगा त्यावर पालथा घाला आणि टेलस्टॉकने, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाच्या सरकत्या आधाराने, हलका दाब द्या. आता चकसाठी ठेवलेला खुंटा कातून काढता येतो. मधला उरलेला बोंडाएवढा तुकडा पटाशीने उडवायचा. बूड किंचित खोलगट ठेवा, म्हणजे वाडगा टेबलावर डुगडुगत नाही.

अर्थात हे सगळं शेवटचं. ओलं लाकूड असेल तर काही महिने आधीच हात घालावा लागतो. व्यासाच्या साधारण दहाव्या भागाएवढी जाडी ठेवून कच्चा आकार काढतात. २५० मिलिमीटरच्या वाडग्याला २५ मिलिमीटर. तो त्याच्याच किसात, कागदी पिशवीत घालून ठेवा. दर आठवड्याला वजन करा. वजन उतरायचं थांबलं की पुन्हा लेथवर घ्या. तोवर तो लंबगोल झालेला असेल, त्याची काळजी नको, जाडी त्यासाठीच ठेवलेली असते.

प्रदर्शनाच्या नियमांचा कागद वाचा. मापाची मर्यादा, गेल्या वर्षभरातलंच काम हवं का, नवशिक्यांचा गट वेगळा आहे का, एवढं बघितलं तरी पुरे. नवशिक्यांत बसत असाल तर तिथेच बसा, उगीच खुल्या गटात मर्दुमकी नको.

घासण्यात बरेच जण गुण घालवतात. वाडग्याच्या प्रत्येक फेऱ्यात दोन जागा अशा येतात जिथे तंतू उलटे उपटतात. तिथे १२० नंबरचा पॉलिश पेपर रगडण्यापेक्षा गाऊजला (कातायच्या खोलगट पात्याच्या पटाशीला) धार लावून एक बारीक शेवटचा हात मारावा. मग १२०, १८०, २४०, ३२०, ४००. मधला एकही गाळायचा नाही. शेवटचा कागद लेथ थांबवून, लाकडाच्या रेषेच्या दिशेने. दिवा बाजूने, अगदी आडवा धरला की राहिलेले ओरखडे दिसतात. अळशीचं तेल देणार असाल तर शेवटचा हात प्रदर्शनाआधी दोन आठवडे तरी संपवा. आणि तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा.

झाकणाच्या डबीचं दुखणं वेगळं. माझ्या डबीचं झाकण घरी ‘टक’ करून बसायचं, मी खूश होतो. प्रदर्शनाच्या दिवशी पावसाळी दमट हवा, लाकूड फुगलं, झाकण अडकलं ते अडकलंच. परीक्षकांनी दोनदा ओढून बघितलं. आता मी डबी कच्ची कातून काही आठवडे ठेवतो आणि झाकण थोडं सैलच बसवतो.

प्रदर्शनात लेथवर प्रात्यक्षिक दाखवायला सांगितलं तर भोवरा निवडा. वीस मिनिटांत होतो आणि पोरं हलत नाहीत. चेहऱ्यावर पूर्ण शिल्ड, बाह्या घट्ट.

निकालानंतर माझ्यासारखे पळू नका, परीक्षकांना गाठून विचारा. गेल्या खेपेला एकांनी माझ्या वाडग्याच्या बाहेरच्या वळणावरून बोट फिरवलं, एका जागी थांबले आणि म्हणाले, “इथे हात अडकतोय.” मला काहीच दिसेना. घरी येऊन डोळे मिटून बोट फिरवलं, तर होता की उंचवटा.